प्रेअरी क्लोव्हर: जांभळा, पांढरा आणि त्यांचे भाऊबंद वेगळे कसे ओळखायचे?

माळावरचा (नेपरव्हिल, इलिनॉय)

नमस्कार मंडळी. इथल्या प्रेअरींमध्ये, म्हणजे गवताळ माळांवर, जून-जुलैत प्रेअरी क्लोव्हर हे रानफूल फुलतं. जांभळा म्हणजे डेलिया पर्प्यूरिया, पांढरा म्हणजे डेलिया कँडिडा, इथवर ठीक. (आपल्या बागेतला डेलिया सूर्यफुलाच्या कुळातला. हा शेंगावर्गीय आहे, दोघांचा काही संबंध नाही.) अडचण पुढची आहे:

१. फूल नसताना, म्हणजे मे महिन्यात किंवा ऑक्टोबरनंतर, दोघांत फरक कसा करायचा?
२. विल काउंटीत डेलिया फोलिओसा हा दुर्मीळ भाऊबंद आहे. तोही जांभळाच. साध्या जांभळ्यापासून तो कसा वेगळा काढायचा?
३. वाळूच्या माळावर करड्या, लोकरीसारख्या पानांचं झाड दिसतं. ते डेलिया व्हिलोसा की लेडप्लांट?

फील्ड गाइडमध्ये फुलांचे फोटो भरपूर असतात, पानांचे नसतात. जाणकारांनी सांगावं.

तृणांकुर (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

चांगला धागा. सगळ्यात आधी एक सवय मोडा: रंगावरून नाव द्यायचं नाही. पर्प्यूरियात पांढऱ्या फुलांची झाडं अधूनमधून सापडतात, फिकट गुलाबीही सापडतात. शिवाय जुनी पाकळी उन्हात विटून पांढुरकी होते. रंग हा फक्त पहिला अंदाज.

पर्प्यूरिया आणि कँडिडा यांच्यात भरवशाची खूण निदलपुंजावर आहे. फुलाच्या तळाशी जी छोटी वाटी असते ती. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या आणि कणसातलं (फुलांच्या दाट तुऱ्यातलं) एक फूल चिमटीने ओढून बाजूने बघा.

पर्प्यूरिया: वाटी बाहेरून दाट, मखमली, रेशमी केसांनी झाकलेली. खालच्या शिरा दिसत नाहीत.

कँडिडा (आपल्याकडचा, म्हणजे पूर्वेकडचा उपप्रकार): वाटी गुळगुळीत. दहा उभ्या शिरा स्वच्छ मोजता येतात, मधल्या जागेत ग्रंथींचे ठिपकेही दिसतात.

इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की कँडिडाच्या वाटीच्या काठावर जे पाच दात असतात त्यांच्या कडांना बारीक केस असतात. वरून पाहणाऱ्याला तेवढेच दिसतात आणि तो 'केसाळ' असं लिहून मोकळा होतो. दात सोडा, नळी बघा. आणि सकाळी दव असताना बघू नका. ओले केस नळीला चिकटून बसतात, मग पर्प्यूरियाही गुळगुळीत भासतो.

ही खूण हिवाळ्यातही चालते, कारण शेंग वाटीतून बाहेर येतच नाही. एक बी, एक इवलीशी न फुटणारी शेंग, आणि तिच्याभोवती वाळलेला निदलपुंज, असंच ते कणसाला चिकटून राहतं. नोव्हेंबरात कणीस राखाडी आणि मऊ लागलं तर पर्प्यूरिया, तपकिरी, खरखरीत, रेघारेघांचं असलं तर कँडिडा. पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग यात संपला.

शिंबावंत (मिनिआपोलिस)

तृणांकुर यांच्याशी सहमत. मे महिन्याचं मी सांगतो.

पर्प्यूरियाच्या संयुक्त पानात पर्णिका, म्हणजे पानातली छोटी पानं, ३ ते ७, बहुतेक ५. रुंदी फार तर दीड-दोन मिलिमीटर, आणि कडा वर वळून पर्णिकेची सळी झालेली असते, त्यामुळे दोऱ्यासारखी वाटते. पानाच्या बगलेत छोट्या पानांचे झुबके असतात, म्हणून खोड झुपकेदार दिसतं.

कँडिडात पर्णिका ५ ते ९, बहुतेक ७. रुंदी २ ते ६ मिलिमीटर, सपाट किंवा मधल्या शिरेवर दुमडलेली, लांबी एक ते तीन सेंटिमीटर. हिरवा रंग जरा उजळ, झाड जरा मोकळं.

मोजताना काय चुकतं ते लक्षात घ्या. खोडाच्या मधल्या भागातलं मुख्य पान मोजायचं. तळाच्या पानांत पर्णिका कमी असतात, बगलेतल्या झुबक्यांत तर आणखी कमी. झुबक्यातलं पान मोजलं की कँडिडाचाही आकडा पाचावर येतो. सशाने किंवा हरणाने शेंडा खाल्ला असेल, किंवा मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरला असेल, तर नंतर फुटलेल्या फांद्यांची पानंही बारीक आणि कमी पर्णिकांची असतात. अशा झाडावर निकाल देऊ नका, शेजारचं न खाल्लेलं झाड शोधा.

एका झाडाची निदान तीन पानं मोजा. आकडा पाचावर अडकला तर रुंदी बघा. पर्णिका बोटांनी उलगडून रुंदी मोजायची, वळलेली असताना नाही.

गवतफुला (डी मॉइन, आयोवा)

कळीचंही सांगा कुणीतरी. जूनच्या मध्यावर अजून फूल उघडलेलं नसतं तेव्हा मला सगळ्यात सोपी खूण तीच वाटते. कँडिडात प्रत्येक फुलाखालचं सहपत्र (इवलंसं पान) निदलपुंजापेक्षा लांब असतं आणि त्याची टोकं बाहेर डोकावतात, म्हणून कळ्यांचं कणीस काटेरी दिसतं. पर्प्यूरियाचं कणीस त्या वेळी करड्या मखमलीच्या टोपणासारखं असतं. कँडिडाची सहपत्रं फुलं उघडताना गळतात, म्हणजे ही खूण थोडे दिवसच चालते.

साधारण आठवडाभर आधी कँडिडा उघडतो, पर्प्यूरिया त्यामागून. पण उन्हाची उतरण आणि सावलीचा ओढा यांत तेवढा फरक तसाही पडतो. त्यामुळे त्यावर विसंबू नये.

माळावरचा

तिघांनाही धन्यवाद. 'फूल ओढून बघा' म्हणता तर पुंकेसर मोजायचे का? एका ठिकाणी पाच लिहिलंय, एका ठिकाणी नऊ-दहा.

तृणांकुर

दोन्ही बरोबर, जाती वेगळ्या. या प्रजातीचे, म्हणजे डेलियाचे, ढोबळ दोन गट आहेत आणि पुंकेसर हीच त्यांची सीमा.

पहिला गट पूर्वी पेटॅलोस्टेमम या वेगळ्या नावाने चालायचा. मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०३ साली ते नाव दिलं. १९७७ साली रूपर्ट बार्नबी यांनी सगळ्या गटाचा अभ्यास करून तो डेलियात विलीन केला. जुन्या हर्बेरियमच्या (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या) चिठ्ठ्यांवर आणि काही बियाण्यांच्या याद्यांवर अजून पेटॅलोस्टेमम दिसेल. पेटॅलोस्टेमम पर्प्यूरियम आणि डेलिया पर्प्यूरिया हे एकच झाड.

या गटात पुंकेसर ५. पर्प्यूरिया, कँडिडा, फोलिओसा, व्हिलोसा, गॅटिंजेरी, मल्टिफ्लोरा सगळे यात. फुलाची रचना मजेशीर आहे: एकच पाकळी (ध्वज) निदलपुंजाच्या तळातून स्वतंत्र निघते, उरलेल्या चार पुंकेसरांच्या जुळलेल्या नळीच्या वरच्या काठावर, दोन पुंकेसरांच्या मधोमध बसतात. म्हणून वाटाण्याच्या फुलासारखं पतंगाकृती रूप यात दिसत नाही.

दुसऱ्या गटात पुंकेसर ९ किंवा १०. लेपोरिना, एनिअँड्रा, ऑरिया इकडचे.

मोजायची रीत: कणीस खालून वर फुलत जातं, फुलांचा एक पट्टा हळूहळू वर सरकतो. त्या पट्ट्याच्या वरच्या काठावरचं, नुकतं उघडलेलं फूल घ्या. पट्ट्याखालच्या फुलांतले परागकोश गळलेले असतात आणि मोजणी हमखास चुकते. ध्वज ओढून टाका, नळी भिंगाखाली धरा. पर्प्यूरियाचे परागकोश पिवळे-नारिंगी असल्याने पटकन दिसतात. कँडिडात पांढऱ्यावर फिकट असल्यामुळे मागे काळा कागद किंवा काळा टी-शर्ट धरा.

सोटमूळ (ऑस्टिन, टेक्सास)

पुंकेसराइतकीच सोपी दुसरी गोष्ट, आधी हे झाड डेलिया आहे ना ते तपासा. पर्णिकेच्या खालच्या बाजूला ग्रंथींचे बारीक ठिपके असतात. आपल्या बावचीच्या पानावर असतात तसे. चुरगाळलं की वास येतो. लॉनमधल्या तांबड्या क्लोव्हरला हे ठिपके नाहीत, पानही तीन पर्णिकांचं आणि वर फिकट बाण. नाव क्लोव्हर असलं तरी डेलिया खऱ्या क्लोव्हरच्या, म्हणजे ट्रायफोलियमच्या, जवळचा नाही. सोटमूळही खूप खोल, पाच-सहा फुटांपर्यंत जातं. म्हणून उपटून बघायच्या भानगडीत पडू नका. मूळ तुटणार आणि झाड मरणार.

शिंबावंत

आता प्रश्न २, फोलिओसा. हा गंभीर विषय आहे म्हणून सविस्तर.

डेलिया फोलिओसा, लीफी प्रेअरी क्लोव्हर. अमेरिकन केंद्र सरकारच्या यादीत १९९१ पासून 'संकटग्रस्त'. इलिनॉय, टेनेसी आणि अलाबामा या तीनच राज्यांत. तुमच्या भागात तो डे प्लेन नदीच्या खोऱ्यातल्या डोलोमाइट प्रेअरीवर आहे. डोलोमाइट म्हणजे चुनखडीसारखा खडक, त्यावर मातीचा पातळ थर. वसंतात तिथे पाणी साचतं, जुलै-ऑगस्टात ती जमीन भाजून निघते. लॉकपोर्ट प्रेअरी हे त्याचं ठाऊक असलेलं ठिकाण. टेनेसी आणि अलाबामात तो सीडर ग्लेडमध्ये, म्हणजे चुनखडीच्या उघड्या कातळाभोवतीच्या मोकळ्या जागांत वाढतो.

ओळख: पर्णिका मोजा, वाद तिथेच मिटतो. पर्प्यूरियात ७ च्या वर जवळजवळ कधीच नाही. फोलिओसात २० ते ३० सहज, लहान, लंबगोल, सपाट. खोड आणि पानं गुळगुळीत. एका बुंध्यातून अनेक खोडं, आणि नावाप्रमाणे खोड पानांनी भरलेलं. फुलणं उशिरा, जुलैअखेरीपासून पुढे सप्टेंबरपर्यंत. म्हणजे जूनअखेरीला भर बहरात असलेलं झाड फोलिओसा असण्याची शक्यता फार कमी.

सापडलं तर: हात लावू नका, बी तोडू नका, फांदी दाबून ठेवायला नेऊ नका. आसपास पाय जपून टाका, पातळ मातीत रोपं लगेच चिरडतात. फोटो घ्या आणि त्या जागेची देखभाल करणाऱ्या संस्थेला कळवा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या ॲपवर) टाकलंत तर अशा जातींचं नेमकं ठिकाण ते आपोआप धूसर करतात. पण फोटोखाली 'पार्किंगपासून दोनशे पावलं, डावीकडे' असं लिहिलंत तर त्या धूसर करण्याचा काय उपयोग? लोक हे करतात.

गवतफुला

फोलिओसाच्या नावाने लेपोरिनाचे फोटो येतात तेही सांगायला हवं. दोघांत पर्णिका भरपूर (लेपोरिनात १५ ते ४०-४५), दोघंही गुळगुळीत. पण डेलिया लेपोरिना वर्षायू आहे. त्याच्या तळाशी मागच्या वर्षीची वाळकी खोडं नसतात, एकच खोड वर जाऊन फांद्या फुटतात. फूल पांढरं ते निळसर, आणि पुंकेसर ९-१०. जागाही वेगळी: नदीकाठची वाळू, रस्त्याची कड, शेताचा बांध, जिथे माती उकरली गेली आहे तिथे. डोलोमाइटवर तो नसतो असं नाही, पण खणलेल्या जागेत आधी लेपोरिनाचाच विचार करा.

प्रेअरीपांथस्थ (नॅशव्हिल, टेनेसी)

आमच्याकडचा तिसरा खेळाडू राहिला. डेलिया गॅटिंजेरी. नॅशव्हिलच्या आसपासच्या सीडर ग्लेडमध्ये हा भरपूर आहे, शिवाय अलाबामा-जॉर्जियात. पर्णिका ५ ते ७ आणि दोऱ्यासारख्या, फूल जांभळं, म्हणजे हुबेहूब पर्प्यूरिया. इलिनॉयचं पुस्तक घेऊन इथे आलेला माणूस शंभर टक्के फसतो.

फरक ठेवणीत आहे. गॅटिंजेरीची खोडं बुंध्यातून बाहेर पसरतात, कातळावर आडवी रेलतात आणि टोकाशी वर वळतात, बहुधा लालसर. पर्प्यूरिया ताठ उभा. गॅटिंजेरीचं कणीस लांब आणि सैल, फुलं संपत आली की मधला दांडा दिसू लागतो. पर्प्यूरियाचं कणीस आखूड-मध्यम आणि घट्ट.

हर्बेरियमच्या कागदावर हे कळत नाही, कारण दाबलेल्या झाडाचं आडवं-उभं समजत नाही. म्हणून गोळा करताना वहीत 'खोड रेललेलं / ताठ' आणि 'जमीन: कातळ / माती' हे दोन शब्द लिहाच. फुलाचा रंगही लिहा, वाळल्यावर जांभळा तपकिरी होतो.

इथे एकाच ग्लेडवर फोलिओसा आणि गॅटिंजेरी दोन्ही असू शकतात. तिथे पुन्हा पर्णिकांची संख्या: पाच-सात की वीस-तीस.

सोटमूळ

दक्षिणेचं पटकन सांगून टाकतो. पांढरं फूल आणि कणसाऐवजी गोल बोंड, वरच्या फांद्यांवर अशी बरीच बोंडं: डेलिया मल्टिफ्लोरा. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, चुनखडीची जमीन. कँडिडाचं कणीस दंडगोल असतं, आणि एका झाडावर थोडी.

पिवळं फूल, रेशमी केस, टोकाला एकेक जाड बोंड: डेलिया ऑरिया. याला दुसरं कुणी समजायचं कारण नाही.

ग्रेट बेसिनकडे, म्हणजे ओरेगन-नेवाडा-युटा पट्ट्यात, ऑर्नेटा आणि सर्ल्सिई या दोन आहेत. त्यांचं वेगळं प्रकरण आहे, या धाग्यात नको.

माळावरचा

@सोटमूळ, कँडिडाचा पश्चिमेकडचा उपप्रकार कोणता? तृणांकुर यांनी 'आपल्याकडचा' असं जपून लिहिलंय म्हणून विचारतो.

तृणांकुर

ऑलिगोफायला. प्रेअरीच्या पश्चिम भागापासून ॲरिझोनापर्यंत. नेब्रास्का-कॅन्ससच्या पट्ट्यात दोन्ही भेटतात आणि मधली रूपंही दिसतात.

ऑलिगोफायलाचं कणीस सैल असतं, फळं धरल्यावर दांडा फुलांमधून दिसतो. पर्णिका लहान. आणि घोळ असा, की त्याच्या निदलपुंजाची नळी कधी गुळगुळीत, कधी केसाळ. म्हणजे मी वर दिलेली खूण तिथे एकटी पुरत नाही. पश्चिमेकडे पांढरं फूल आणि केसाळ नळी दिसली की लगेच 'पर्प्यूरियाचं पांढरं रूप' म्हणू नका. पर्णिकेची रुंदी आणि कणसाचा सैलपणा मिळून ठरवा. सपाट पर्णिका, दांडा दिसणारं सैल कणीस: ऑलिगोफायला. वळलेल्या दोरीसारख्या पर्णिका, घट्ट कणीस: पांढरा पर्प्यूरिया.

आणि मध्येच फिकट गुलाबी झाड दिसलं की 'संकर' लिहायची हौस आवरा. दोघं वर्षानुवर्षं शेजारी वाढतात आणि तरी वेगळेच राहतात. फिकट गुलाबी बहुधा पर्प्यूरियाच निघतो.

शिंबावंत

प्रश्न ३ उरला. व्हिलोसा की लेडप्लांट (अमोर्फा कॅनेसन्स)? वाळूच्या माळावर तिसराही उमेदवार असतो: गोट्स रू, म्हणजे टेफ्रोसिया व्हर्जिनियाना. तिघंही करडे, केसाळ आणि पुष्कळ पर्णिकांचे. मे महिन्यात तिघांचे फोटो एकमेकांच्या नावाने फिरतात.

व्हिलोसा: झाड बुटकं, एक-सव्वा फूट. पान आखूड, दोन ते चार सेंटिमीटर. पर्णिका ११ ते २५, बहुतेक १३ ते १७, प्रत्येक सेंटिमीटरहून लहान, दाट रेशमी केसांनी रुपेरी. कणीस फांदीच्या टोकाला एकेकटं, लांबट, पुष्कळदा बाकदार. फूल फिकट गुलाबी-जांभळं. जागा शुद्ध वाळू: विस्कॉन्सिन-मिनेसोटाचे वाळूचे माळ, नेब्रास्काचे सँडहिल्स, वर कॅनडात मॅनिटोबा-सस्कॅचेवान.

लेडप्लांट: हे झुडूप आहे. पान पाच ते बारा सेंटिमीटर, पर्णिका पुष्कळ जास्त. शेंड्याला अनेक तुरे एकत्र गुच्छाने. फुलात पाकळी एकच, पुंकेसर १०.

गोट्स रू: पर्णिकेवर ग्रंथींचे ठिपके नाहीत आणि बाजूच्या शिरा समांतर, स्पष्ट. फूल मोठं, पतंगाकृती, पिवळट-पांढरं आणि गुलाबी असं दुरंगी. फुलावर आलं की शंका उरत नाही.

पुस्तकं 'लेडप्लांटचं खोड काष्ठमय' असं लिहितात आणि लोक तेवढंच बघतात. पण प्रेअरीला नियंत्रित आग दिल्यावर लेडप्लांट जमिनीपासून नवा फुटतो. त्या वर्षी त्याची खोडं हिरवी, मऊ असतात. म्हणून जळालेल्या प्लॉटवर खोडावर जाऊ नका, पानाची लांबी मोजा. पट्टी नसेल तर तर्जनीचं टोकाचं पेर धरा. दीड-दोन पेरांपेक्षा लांब पान व्हिलोसाचं नाही.

ग्रंथींवरून व्हिलोसा आणि लेडप्लांट वेगळे होत नाहीत. ठिपके दोघांना आहेत.

गवतफुला

पश्चिम आयोवातल्या लोएस हिल्सवर जाणार असाल तर एनिअँड्रा बघाच. उंच, तीन फुटांपर्यंत, वर फांद्यांचा पसारा, फुलं पांढरी आणि इतकी सुटी की कणीस म्हणवत नाही. नऊ पुंकेसर. निदलपुंजाचे दात लांब आणि पिसासारखे केसाळ, फळं धरल्यावर पूर्ण झाड उन्हात लुकलुकतं. कँडिडा समजून बी गोळा केल्याचं ऐकलंय, पण दातांकडे एकदा बघितलं तर शक्य नाही.

बीजपेटी (सीडर रॅपिड्स, आयोवा)

बी हा शब्द आला म्हणून या धाग्यात माझा हात. ओळख चुकण्याची सगळ्यात महाग जागा ही आहे.

सोललेलं बी आणि न सोललेलं बी. निदलपुंजासकट बी असेल तर भिंगाखाली जात सांगता येते: केसाळ ते पर्प्यूरिया, रेघांचं गुळगुळीत ते कँडिडा. सोललेलं, म्हणजे पॉलिश केल्यासारखं पिवळट-तपकिरी बी आलं की दोघांत डोळ्यांनी फरक करणं विसरा. म्हणून गोळा करणाऱ्या गटांना माझं सांगणं: मळणी आणि स्वच्छता करण्याआधी प्रत्येक पिशवीतून चिमूटभर न सोललेला नमुना वेगळ्या पाकिटात ठेवा, त्यावर तारीख आणि प्लॉट लिहा. पुढे शंका आली तर तेवढाच पुरावा उरतो.

कणसं काढायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर. कणीस हाताने खालून वर ओरबाडलं आणि दाणे सहज सुटून आले तर तयार. जोर लावावा लागला तर दहा दिवस थांबा. हिरवी कणसं पिशवीत दाबून ठेवली की घामेजतात आणि बुरशी येते. कागदी पिशवी, पातळ थर, वारा. आणि एका जागेवरच्या पिकलेल्या बियांपैकी थोडंच न्यायचं, तेही परवानगीनेच. फॉरेस्ट प्रिझर्व्हमधून (राखीव जंगल-माळांतून) परवानगीशिवाय काढणं बेकायदा आहे.

पेरणीचं गणित: पर्प्यूरियाचं बी औंसाला साधारण १८,०००. एकरी ४ औंस टाकलं तर ७२,००० बिया. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे चौरस फुटाला दीड-पावणेदोन बी. मिश्रणात तेवढं ठीक. यातलं सगळं उगवणार नाही.

कठीण टरफलाचं बी बरंच असतं. दोन सँडपेपरच्या मध्ये हलक्या हाताने घासा, चमक गेली की थांबा. बियांचा चुरा व्हायला लागला तर जोर जास्त झालाय. शरद ऋतूत उघड्यावर पेरणार असाल तर घासूही नका, हिवाळा ते काम करतो. घासलेलं बी थंडीआधी उगवून मरू शकतं. खोली पाव इंचापेक्षा कमी.

जिवाणू संवर्धक वापरणार असाल तर प्रेअरी क्लोव्हरसाठीचंच मागा. दुकानात 'क्लोव्हर' लिहिलेलं पाकीट मिळतं ते ट्रायफोलियमचं, त्यातल्या रायझोबियम जिवाणूंचं डेलियाच्या मुळांशी जमत नाही. गाठी येत नाहीत, रोपं पिवळी राहतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

पहिल्या वर्षी रोप काही इंचच वाढतं, सगळी ताकद मुळात. फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ससे रोपं कुरतडतात, लहान वाफा असेल तर जाळी लावा.

माळावरचा

भरपूर मिळालं. शेवटचा प्रश्न: आयनॅचरलिस्टवर माझ्यासारख्यांचे फोटो 'डेलिया' या पातळीवर अडकून राहतात. ओळख पटवणाऱ्याला नेमके कोणते फोटो हवे असतात?

तृणांकुर

वरून काढलेला कणसाचा एकच सुंदर फोटो असतो, म्हणून अडकतात. त्यात निदलपुंज दिसत नाही, पान दिसत नाही. ॲप स्वतःच पर्प्यूरिया सुचवतं आणि लोक हो म्हणतात.

पाच फोटो घ्या. पहिला, झाड पूर्ण, जमिनीच्या पातळीवरून, म्हणजे ताठ की रेललेलं ते कळेल. दुसरा, खोडाच्या मध्यावरचं एक पान, मागे हाताचा तळवा किंवा कोरा कागद धरून, सगळ्या पर्णिका मोजता येतील असा, शेजारी पट्टी किंवा नाणं. तिसरा, कणीस बाजूने. चौथा, निदलपुंज जवळून: मोबाइलच्या लेन्ससमोर दहापटीचं भिंग धरा, झाडाला वाऱ्यात हलू न देण्यासाठी दांडा दोन बोटांत पकडा. पाचवा, पायाखालची जमीन. वाळू, काळी माती, कातळ, यावरून अर्धे पर्याय तिथेच बाद होतात.

कणीस अर्धं फुललेलं असेल तर चौथ्या फोटोत पट्ट्याच्या खालचा भाग घ्या. तिथे पाकळ्या गळून निदलपुंज उघडा पडलेला असतो.

प्रेअरीपांथस्थ

सहावा माझ्याकडून: पर्णिकेची खालची बाजू. ठिपके दिसले की गोट्स रू आणि तांबडा क्लोव्हर दोघं यादीतून गेले.

माळावरचा

आणि हरणाने कणसंच खाल्ली असतील तर?

शिंबावंत

तर पानाचे दोन फोटो वाढवा आणि नोंदीत 'शेंडा खाल्लेला' असं लिहा, नाहीतर बघणारा बारीक पानं मोजून पर्प्यूरिया म्हणेल. तळाजवळ मागच्या वर्षीचं वाळकं कणीस पडलेलं असतं, जळालेला प्लॉट नसेल तर मे-जूनपर्यंतही सापडतं. त्यातला एखादा दाणा तळहातावर घेऊन नळी बघा.

माळावरचा

जमेल. या शनिवारी वाळूच्या प्लॉटवर कार्यदिवस आहे, करड्या पानांचे फोटो पट्टीसकट इथेच टाकतो.

बीजपेटी

टाका. आणि तिथे मागच्या शरद ऋतूतलं काही बी ठेवलं असेल तर त्याचाही एक जवळून फोटो, निदलपुंजासकट.